नाताळसाठी घरच्या घरी पेपरमिंट आइस्क्रीम पाय

पेपरमिंट आइस्क्रीम पाय (इंग्रजीतला ‘pie’, म्हणजे कवचात सारण भरलेला पदार्थ) हा अमेरिकेतल्या नाताळच्या दिवसांतला आवडता पदार्थ आहे. चॉकलेट बिस्किटांच्या चुऱ्याचे कुरकुरीत कवच, त्यावर चॉकलेट सॉसचा पातळ थर, मग फिकट गुलाबी पेपरमिंट आइस्क्रीम आणि सर्वांत वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कँडी केनचे, म्हणजे काठीच्या आकाराच्या कडक पेपरमिंट कँडीचे, तुकडे, एवढीच त्याची रचना असते. त्याला अंडे लागत नाही, ओव्हन नसला तरी अडत नाही आणि पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीच तो पूर्ण करून ठेवता येतो. वांद्रे, वसई, गिरगावची खोताची वाडी अशा ठिकाणी नाताळच्या ताटात नेवऱ्या, कलकल, मिल्क क्रीम, मार्झिपन असे भरपूर गोड असतेच. त्या सगळ्यानंतर पेपरमिंटचा थंडावा जिभेला फार बरा वाटतो, आणि हेच या पदार्थाला आपल्याकडच्या नाताळात स्थान देण्याचे सर्वांत चांगले कारण आहे. बिस्किट आणि आइस्क्रीम यांची जोडी मुंबईकरांना नवी नाही. चर्चगेटच्या के. रुस्तममध्ये दोन पातळ बिस्किटांमध्ये धरलेली आइस्क्रीमची जाड वडी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात आहे.

मुंबईत हा पाय करताना दोन गोष्टी सतत ध्यानात ठेवाव्या लागतात: उष्णता आणि दमटपणा. परदेशी पाककृतींमध्ये आइस्क्रीम दहा-पंधरा मिनिटे खोलीच्या तापमानाला ठेवायला सांगितलेले असते. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीही पारा तिशीच्या वर जातो आणि गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरात तो त्याहूनही चढलेला असतो, त्यामुळे ती सूचना जशीच्या तशी पाळली तर आइस्क्रीमचे दूध होते. दमट हवेत बिस्किटे सादळतात, कँडी चिकट होते आणि फेटलेले क्रीम बसते. यावर उपाय एकच आहे. प्रत्येक थर पूर्ण गोठल्याशिवाय त्यावर दुसरा थर घालायचा नाही, आणि कँडीला शेवटच्या क्षणापर्यंत ओलावा लागू द्यायचा नाही. म्हणून हे काम एका दिवसात उरकण्याऐवजी दोन संध्याकाळींमध्ये वाटून घ्यावे. 24 डिसेंबरच्या रात्री पाय वाढायचा असेल, तर 22 तारखेला कवच व सॉस करावा आणि 23 तारखेला आइस्क्रीम भरावे.

सुरुवात करण्यापूर्वी फ्रीजर

सामान आणण्याआधी फ्रीजर उघडून त्याची उंची मोजावी. एकदारी फ्रिजचा फ्रीजरचा कप्पा बुटका असतो आणि त्यात बर्फाचे थर साचून जागा आणखी कमी झालेली असते. त्यात 22 सेंटिमीटर व्यासाचा टिन आडवा आणि सपाट बसतो का, हे रिकामा टिन ठेवूनच पाहावे. टिन तिरका राहिला तर आइस्क्रीम एका बाजूला जमते आणि कापताना काही तुकडे निम्म्याच उंचीचे निघतात. बर्फ साचला असेल तर दोन दिवस आधी फ्रीजर साफ करून घ्यावा. आइस्क्रीम नीट गोठण्यासाठी फ्रीजरचे तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असावे लागते, म्हणून आदल्या रात्रीच बटण सर्वांत थंड खुणेवर न्यावे.

आपल्या घरांमध्ये आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. रविवारी आणलेली सुरमई, सोललेली कोलंबी, आले-लसणाच्या वाटणाचे डबे हे सारे त्याच फ्रीजरमध्ये असते, आणि दुधातली स्निग्धता आसपासचा वास फार लवकर धरते. मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा पुन्हा पिशवीत बांधावा, किंवा ते दोन दिवस मासळी आणूच नये. पेपरमिंटची चव नाजूक असते. तिच्यावर लसणाची सावलीसुद्धा पडता कामा नये.

सामान आणि ते कुठे मिळते

पुढील प्रमाण 22 ते 23 सेंटिमीटर व्यासाच्या आणि किमान 4 सेंटिमीटर उंचीच्या टिनसाठी आहे. त्यात दहा जणांचे भागते. कवचासाठी 200 ग्रॅम गडद चॉकलेट बिस्किटे आणि 60 ते 90 ग्रॅम बटर घ्यावे. सॉससाठी 120 ग्रॅम डार्क चॉकलेट, 100 मिलिलिटर फ्रेश क्रीम, 1 मोठा चमचा मध किंवा लिक्विड ग्लुकोज आणि 15 ग्रॅम बटर लागेल. आइस्क्रीमसाठी 400 मिलिलिटर व्हिपिंग क्रीम, 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, पेपरमिंटचा अर्क किंवा तेल, चिमूटभर मीठ आणि रंगासाठी बिटाचा थोडा रस घ्यावा. याशिवाय 120 ग्रॅम कँडी केन आणि वरून लावण्यासाठी आणखी 100 मिलिलिटर व्हिपिंग क्रीम हवे.

टिन सुट्या तळाचा मिळाला तर उत्तम. तो नसेल तर तिरप्या कडांची खोलगट स्टीलची थाळीही चालते, मात्र तिच्या तळाला बटर पेपर लावून त्याच्या दोन लांब पट्ट्या कडेबाहेर ठेवाव्यात, म्हणजे नंतर सबंध पाय उचलून काढता येतो. महात्मा जोतिबा फुले मंडईत, म्हणजे आपल्या नेहमीच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये, आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये केकच्या सामानाची दुकाने आहेत. टिन, चॉकलेट, व्हिपिंग क्रीम, इसेन्स हे सारे तिथे एका फेरीत होते. कँडी केन डिसेंबर लागला की तिथे आणि वांद्र्याच्या हिल रोडवर नाताळच्या सजावटीबरोबर दिसू लागतात. व्हिपिंग क्रीम शेवटी घ्यावे आणि बर्फाच्या पिशवीत किंवा जाड कापडी पिशवीत गुंडाळून थेट घरी आणावे, कारण गर्दीच्या लोकलमध्ये तासभर तापलेले क्रीम पुन्हा थंड केले तरी नीट फेटले जात नाही.

क्रीम आणि चॉकलेट घेताना वेष्टनावरचा मजकूर वाचण्याची सवय येथे फार उपयोगी पडते. किराणा दुकानात मिळणाऱ्या कागदी डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो. ते सॉससाठी योग्य आहे, पण फेटल्यावर फुलून उभे राहत नाही. त्यासाठी किमान 30 आणि शक्य असल्यास 35 टक्के स्निग्धांशाचे क्रीम लागते. केकवाल्यांकडे मिळणारे वनस्पती तेलाचे गोठवलेले व्हिपिंग क्रीम सहज फुलते आणि उष्णतेतही टिकते, पण ते मुळात गोड असते आणि त्याचा पातळसा थर टाळूला चिकटून राहतो. तेच वापरायचे झाल्यास कंडेन्स्ड मिल्क निम्मे करावे. माझी निवड दुधाच्या क्रीमचीच आहे, कारण पेपरमिंटच्या तीक्ष्णपणाला दुधाची खरी गोडी आवरून धरते. चॉकलेटच्या बाबतीतही तेच आहे. ‘कंपाउंड’ लिहिलेल्या स्वस्त लाद्यांमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती स्निग्धता असते आणि फ्रीजरमध्ये तिचा थर मेणचट लागतो, म्हणून घटकांच्या यादीत कोको बटर आहे ना, हे पाहून घ्यावे.

पेपरमिंटची चव

सगळा पदार्थ ज्या चवीवर उभा आहे तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पेपरमिंट ही पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांच्या संकरातून झालेली वनस्पती आहे आणि तिच्या तेलात मेंथॉल भरपूर असते. मेंथॉल जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवते, म्हणून तापमान प्रत्यक्षात न बदलताही गारवा जाणवतो. आइस्क्रीमची खरी थंडी आणि मेंथॉलची भासमान थंडी एकत्र आल्या की तो विशिष्ट झणका तयार होतो. भाजीवाल्याकडच्या जुडीतला पुदिना बहुधा स्पिअरमिंटच्या जातकुळीतला असतो. त्यात मेंथॉल अगदी कमी असते, त्यामुळे त्याची पाने दुधात उकळली तर आइस्क्रीमला हिरव्या चटणीचा वास येतो. या पाककृतीत तो वापरू नये.

विड्यात घालतात ते पुदिन्याचे फूल हाही पर्याय नव्हे. ते जवळजवळ शुद्ध मेंथॉल असते. एखादा कण जास्त पडला तरी आइस्क्रीम कडू होते आणि घसा पोळतो. तेल घ्यायचे असेल तर खाण्यासाठी योग्य असल्याचे बाटलीवर स्पष्ट लिहिलेले असावे, कारण वास घेण्यासाठी आणि मालिशसाठी विकले जाणारे पेपरमिंटचे तेलही तशाच लहान बाटल्यांमध्ये येते. वर दिलेल्या प्रमाणाला खाद्य तेलाचे 2 थेंब घालून सुरुवात करावी आणि कोणत्याही परिस्थितीत 4 थेंबांच्या पुढे जाऊ नये. अर्क वापरला तर पाऊण चहाचा चमचा पुरतो. इसेन्सची तीव्रता प्रत्येक कंपनीची निराळी असते, म्हणून त्याचे पाव चमच्यापासून हळूहळू वाढवत जावे. थंडीत जीभ बोथट होते, त्यामुळे मिश्रण न गोठवता चाखताना चव किंचित जास्त वाटली पाहिजे, तरच गोठल्यावर ती बरोबर लागते. अगदी लहान मुलांसाठी पाय करायचा असेल तर तेल पूर्ण वगळावे आणि त्यांच्यासाठी साधे व्हॅनिला आइस्क्रीम वेगळ्या वाटीत गोठवावे. ज्यांना छातीत जळजळ होण्याचा त्रास आहे, त्यांनाही रात्रीच्या जड जेवणानंतर पेपरमिंट बाधू शकते, याची यजमानांनी आठवण ठेवावी.

कँडी: तयार किंवा घरची

कँडी केन मिळाल्या तर काम सोपे आहे. त्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळावी आणि बत्त्याने किंवा लाटण्याने बेताने ठोकावे. मिक्सरमध्ये घालू नयेत. पात्यांच्या उष्णतेने साखर पाझरते आणि सगळा गोळा होतो. ठोकलेली कँडी चाळणीतून चाळली की खाली पिठी पडते आणि वर तुकडे राहतात. पिठी आइस्क्रीममध्ये चवीसाठी आणि रंगासाठी घालावी. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे निम्मे आत मिसळण्यासाठी आणि निम्मे वरून पेरण्यासाठी वेगळे काढावेत. त्याहून मोठे तुकडे गोठल्यावर दाताला लागतात. मध्ये भोक असलेल्या पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या साखर दाबून बनवलेल्या असतात, त्यामुळे त्यांना काचेचा कडकपणा नसतो. त्या ओल्या झाल्या की खडूच्या भुकटीसारख्या लागतात.

कँडी केन न मिळाल्यास घरी करता येते आणि चिक्की करणाऱ्या कोणालाही ती अवघड जाणार नाही. 150 ग्रॅम साखर, 50 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि 50 मिलिलिटर पाणी जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवावे, साखर विरघळेपर्यंत हलवावे आणि त्यानंतर चमचा अजिबात लावू नये, नाहीतर पाक दाणेदार होतो. लिक्विड ग्लुकोज नसेल तर लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब तेच काम करतात. पाक 150 अंश सेल्सियसला पोचला की आच बंद करावी. थर्मामीटर नसेल तर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून तो बाहेर काढून मोडावा. कट्‌कन आवाज होऊन तुटला तर पाक तयार आहे, वाकला किंवा दाताला चिकटला तर आणखी मिनिटभर हवा. उकळी बसल्यावर पेपरमिंटच्या तेलाचे 2 थेंब घालून पाक तूप लावलेल्या स्टीलच्या ताटात ओतावा आणि लगेच त्यावर खाण्याच्या लाल रंगाचे दोन-तीन थेंब टाकून काडीने रेघा ओढाव्यात. तेल घालताना तोंड भांड्यावर धरू नये, कारण गरम पाकातून येणारी मेंथॉलची वाफ डोळ्यांना चांगलीच झोंबते. मुलांना त्या वेळी ओट्याजवळ येऊ देऊ नये. कँडी गार होताच तोडून हवाबंद डब्यात ठेवावी. मुंबईच्या हवेत ती अर्धा-पाऊण तास जरी उघडी राहिली तरी बोटांना चिकटू लागते.

आइस्क्रीममध्ये मिसळायचे तुकडे टिकवण्याची एक चांगली युक्ती आहे. आइस्क्रीम वरून कितीही घट्ट दिसले तरी त्यातले सगळे पाणी गोठलेले नसते; साखरेमुळे त्याचा काही भाग पाकाच्या रूपात द्रव राहतो आणि कँडी तो शोषून एक-दोन दिवसांत विरघळू लागते. त्यातून निघणाऱ्या गुलाबी रेषा दिसायला सुंदर असतात, पण कुरकुरीतपणा जातो. यासाठी 40 ग्रॅम पांढरे चॉकलेट वितळवून कोमट करावे, त्यात ते तुकडे घोळवावेत आणि बटर पेपरवर सुटे पसरून फ्रीजरमध्ये कडक करावेत. कोको बटरचे हे पातळ आवरण ओलावा बाहेर ठेवते. हे केले नाही तरी पाय बिघडत नाही. त्याच दिवशी खायचा असेल तर आवश्यकताही नाही.

कवच

बिस्किटे ताज्या पुड्यातली घ्यावीत. पुडा आधी फोडलेला असेल आणि बिस्किटे सादळली असतील तर मंद तव्यावर चार-पाच मिनिटे फिरवून पूर्ण गार करावीत. त्यांचा मिक्सरमध्ये रव्यापेक्षा थोडा जाड चुरा करावा. मध्ये क्रीम असलेली बिस्किटे क्रीमसह वाटली तर 60 ग्रॅम बटर पुरते, साध्या बिस्किटांना 90 ग्रॅम लागते. आपल्याकडचे नेहमीचे पिवळे बटर खारट असते आणि येथे ते फायद्याचेच ठरते, कारण त्या मिठाने चॉकलेटची चव उठते. वितळलेले बटर चुऱ्यात कालवून मूठ दाबून पाहावी. मूठ टिकली आणि बोट लावल्यावर मोडली तर प्रमाण बरोबर आहे. हाताला तूपकट लागत असेल तर आणखी दोन बिस्किटे वाटून घालावीत. बटर जास्त झाले की फ्रीजरमध्ये कवच दगडासारखे होते आणि सुरी लागत नाही, ही या पदार्थाबाबतची सर्वांत सामान्य तक्रार असते.

चुरा टिनमध्ये ओतून आधी कडा घडवाव्यात आणि मग तळ सपाट करावा. सपाट बुडाची वाटी यासाठी योग्य असते. तिने गोल फिरवत दाबत गेले की तळ आणि कड जिथे मिळतात तिथे जाड कोपरा राहत नाही. जाडी सगळीकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावी. ओव्हन असेल तर 170 अंशांवर 8 ते 10 मिनिटे भाजून पूर्ण गार करावे. भाजलेले कवच अधिक खुसखुशीत राहते. ओव्हन नसेल तर तसेच अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावे. दोन्हीत फरक आहे, पण तो एवढा नाही की त्यासाठी ओव्हन मागून आणावा.

चॉकलेट सॉस

फ्रेश क्रीम मंद आचेवर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवावे, उकळू देऊ नये. ते बारीक केलेल्या डार्क चॉकलेटवर ओतून दोन मिनिटे तसेच ठेवावे आणि मग मधोमध ढवळत ढवळत एकजीव करावे. शेवटी मध आणि बटर घालावे. मधामुळे किंवा ग्लुकोजमुळे सॉस फ्रीजरमध्येही मऊ राहतो. सॉस हाताला अजिबात कोमट लागेनासा झाला की त्याचा अर्धा भाग गोठलेल्या कवचावर चमच्याच्या पाठीने पसरावा आणि टिन पुन्हा पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवावा. हा थर चवीसाठी तर आहेच, शिवाय आइस्क्रीमचा ओलावा बिस्किटांपर्यंत जाऊ न देण्याचे कामही तो करतो. उरलेला सॉस बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा.

आइस्क्रीम

क्रीम फेटण्याचे काम सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा करावे. क्रीमचे तापमान 10 अंशांच्या वर गेले की त्यातली स्निग्धता मऊ पडते आणि हवा धरून ठेवता येत नाही. म्हणून स्टीलचे भांडे आणि बीटरची पाती 20 मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावीत, आणि फेटताना ते भांडे बर्फ व पाणी घातलेल्या मोठ्या पातेल्यात बसवावे. पंखा चालू असला तरी हरकत नाही, पण शेजारच्या शेगडीवर काही शिजत असू नये.

आधी एका वेगळ्या भांड्यात कंडेन्स्ड मिल्क घ्यावे आणि त्यात पेपरमिंट, मीठ, कँडीची पिठी आणि गाळलेला बिटाचा रस एक चहाचा चमचा घालून नीट मिसळावे. पेपरमिंट थेट क्रीममध्ये टाकले तर ते सगळीकडे सारखे पसरत नाही आणि एखाद्याच घासात सगळा जहालपणा येतो. येथेच चव पाहून घ्यावी. बिटाचा रस एक चमचाच पुरे. रंग फिकट गुलाबी हवा, मोतीचुराच्या लाडवाएवढा भडक नको.

थंड क्रीम आधी मंद आणि मग मध्यम वेगाने फेटावे. बीटर उचलल्यावर क्रीमचे टोक उभे राहून किंचित वाकले की थांबावे. आणखी फेटत राहिल्यास ते खरबरीत दिसू लागते आणि मग लोणी निघायला वेळ लागत नाही. फेटलेल्या क्रीमचा एक मोठा चमचा कंडेन्स्ड मिल्कमध्ये मिसळून ते सैल करावे, मग ते मिश्रण उरलेल्या क्रीमवर ओतून खालून वर अशा हाताने अलगद कालवावे. शेवटी कँडीचे निम्मे तुकडे घालावेत आणि लगेच ते गोठलेल्या कवचात भरावे. टिन ओट्यावर एकदा हलकेच आपटला की आतले मोठे बुडबुडे निघून जातात.

टिन एक तास उघडाच फ्रीजरमध्ये ठेवून वरचा थर धरू द्यावा, मग क्लिंग फिल्म आइस्क्रीमच्या पृष्ठभागाला चिकटेल अशी लावावी आणि त्यावर फॉइल गुंडाळावी. मधली हवा बंद केली नाही तर पृष्ठभागावर बर्फाची रवाळ साय जमते, आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये तापमान अधूनमधून चढउतार करत असल्याने ती लवकर जमते. दहा ते बारा तास पूर्ण गोठू द्यावे. मध्येच दार उघडून बोटाने पाहण्याचा मोह आवरावा.

क्रीम फेटायला वेळ नसेल तर दुकानातले व्हॅनिला आइस्क्रीम वापरता येते, पण डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलेले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’, हे नीट पाहावे. आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांनुसार आइस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते, तर फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालते. वजनही वाचावे: आइस्क्रीमच्या एका लिटरचे वजन 525 ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये, आणि ते जितके जास्त तितकी त्यात हवा कमी. एक लिटरचा डबा फ्रीजरमधून काढून ओट्यावर न ठेवता 20 ते 25 मिनिटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. कडेने मऊ झाले की थंड भांड्यात काढून लाकडी कालथ्याने भराभर मळावे, पेपरमिंट आणि कँडी मिसळावी आणि कवचात भरावे. या वेळी त्याची पातळ धार पडू लागली असेल तर त्यातली हवा गेलेली असते आणि पुन्हा गोठताना मोठे बर्फकण होतात, त्यामुळे भांडे लगेच अर्धा तास फ्रीजरमध्ये परत ठेवून पुढे जावे. पूर्ण वितळलेले आइस्क्रीम मात्र पुन्हा गोठवू नये. ते आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य नाही.

कापणे आणि वाढणे

वाढण्याच्या 15 मिनिटे आधी टिन फ्रीजरमधून फ्रिजमध्ये घ्यावा आणि ताटल्या फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. गार ताटली मुंबईत पाच-सात मिनिटांचा दिलासा देते, आणि दहा जणांना वाढायचे असेल तर ती मिनिटे मोलाची असतात. वरून लावायचे 100 मिलिलिटर क्रीम याच वेळी एक चमचा पिठीसाखर घालून फेटावे. टिनच्या बुडाला आणि कडांना गरम पाण्यात पिळलेला टॉवेल 20 सेकंद लावला की कवच सुटते. मग सुट्या तळावर खालून दाब द्यावा किंवा बटर पेपरच्या पट्ट्या धरून पाय उचलावा.

लांब, पातळ सुरी उंच पेल्यातल्या गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकेक काप द्यावा. आइस्क्रीममधून सुरी सहज जाते, कवचाशी आल्यावर मात्र तळहाताने सरळ खाली दाबावे, मागेपुढे करवतू नये, नाहीतर कडा भुगा होऊन पडतात. प्रत्येक तुकड्यावर क्रीमचा एक गोळा आणि कोमट केलेल्या सॉसची बारीक धार घालावी आणि अगदी शेवटी, ताटली पाहुण्यांच्या हातात देताना, कँडीचे तुकडे पेरावेत. ते आधीच पेरून ठेवले तर दमट हवेत पाचच मिनिटांत त्यांचा लाल रंग पांढऱ्या क्रीममध्ये उतरतो.

पाय दुसऱ्याच्या घरी न्यायचा असेल तर नुसत्या बर्फावर भरवसा ठेवू नये. साधा बर्फ शून्य अंशालाच वितळतो आणि आइस्क्रीमला ते तापमान पुरेसे थंड नसते. कुल्फीवाले बर्फात जाडे मीठ घालतात त्यामागचे कारण हेच आहे. मिठामुळे बर्फ वितळताना तापमान उणे दहाच्याही खाली जाते. थर्मोकोलच्या खोक्यात तळाशी बर्फ आणि जाडे मीठ भरलेल्या घट्ट बांधलेल्या पिशव्या ठेवाव्यात, टिन फॉइल आणि प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून त्यावर सपाट बसवावा, वरही एक पिशवी ठेवावी आणि खोक्याच्या फटी चिकटपट्टीने बंद कराव्यात. वांद्र्याहून बोरिवलीपर्यंतचा तासाभराचा प्रवास इतक्या तयारीने निभावतो. पोचल्यावर मात्र गप्पांना बसण्याआधी टिन यजमानांच्या फ्रीजरमध्ये ठेवावा, आणि तिथे जागा आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यावे.

उरलेला पाय क्लिंग फिल्म पुन्हा पृष्ठभागाला लावून आठवडाभर ठेवता येतो. त्यानंतर कवच मऊ पडते. शेवटचे मोडके तुकडे दुधासह मिक्सरमधून फिरवले की त्यांचा चांगला दाट मिल्कशेक होतो. त्यात वेगळी साखर घालू नये.